केवडा काय फक्त उसावरच पडतो?

सभासद बंधूंनो,

गेल्या महिन्यात आम्ही एका सभासदांचा खोडवा पाहायला गेलो होतो. चुनखडीची जमीन, कोवळी पाने पिवळी-पांढरी पडलेली. "केवडा आहे, पिकाला लोह मिळत नाही," असे आम्ही सांगताच त्यांनी त्याच दिवशी हिराकस आणून फवारणीची तयारी केली.

नंतर त्यांच्या घरी चहा झाला. चहा आणणाऱ्या सूनबाईंना सहावा महिना होता. दोन पायऱ्या चढून धाप लागत होती, ओठ-नखे पांढुरकी. कोनाड्यात सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्यांचे पाकीट तसेच पडलेले. विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी पोर मोठं होतंय, बाळंतपण अडतंय. शिवाय तिला मळमळतंय बी."

बंधूंनो, उसाचा केवडा बांधावरून दिसतो. घरातला केवडा आपल्याला दिसत नाही, की आपण पाहत नाही?

2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर गर्भवतींपैकी 52 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले तर रक्त कमी समजतात. 7 च्या खाली गेले तर मोठ्या दवाखान्यात नेण्याला पर्याय नाही. अशा बाईला बाळंतपणातला थोडा जादा रक्तस्रावही सोसत नाही. मूल दिवसाआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. गोळीने मूल अवजड होऊन बाळंतपण अडते, हा निव्वळ गैरसमज आहे.

चुनखडीच्या रानात लोह असते, पण मुळांना घेता येत नाही. पोटाचेही तसेच. जेवणावर लगेच चहा घेतला, तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. म्हणून चहा तासा-दोन तासाने घ्यावा. भाजी-आमटीवर लिंबू पिळावे. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. त्या आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतात. मात्र शेतीचा हिराकस कोणीही पोटात घेऊ नये, तो विषारी ठरतो.

लागणीची तारीख सभासदाला तोंडपाठ असते. सुनेचे हिमोग्लोबिन किती, हे किती जण सांगतील? घरात सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले कोण जेवते, हेही एकदा पाहावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पाण्याची पाळी असली तरी सुनेला घेऊन जावे.

आणि आपल्या फडातल्या तोडणीवाल्या बाया? पोटुशी बाई पहाटेपासून मोळ्या वाहते आणि तिची नोंद गावी राहते. टोळी उतरली, की गावच्या आशाताईंना आणि आमच्या गट कार्यालयाला कळवा. तिच्या गोळ्या तिच्या खोपीपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वीस वर्षे आम्हीही फक्त उसाचीच पाने पाहत आलो, ही चूक कबूल करतो. यापुढे प्लॉटवर आलो, की घरच्या गोळ्यांचीही चौकशी करू. राग मानू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी