भाजी कोणती आवडते?

दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखायची ताकद माणसाच्या मेंदूत आहे. विमर आणि पर्नर या संशोधकांनी १९८३ साली पोरांना एक गोष्ट सांगितली. पोरगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागं आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. पोरगा आल्यावर कुठं शोधील? तीन वर्षांच्या पोरांना जमलं नाही. चारच्या पुढं जमू लागलं.

आमच्या धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची पोती वाहणारा हमाल हेच काम दिवसभर करतो. अडत्याची भुवई हलली की त्याला कळतं, आज मजुरी धड मिळणार का नाही. नाही कळलं तर चूल पेटत नाही. हमालाच्या मनातलं मात्र अडत्याला कळत नाही. त्याचं काहीच अडत नाही ना!

मग अडत्याचा मेंदू वेगळा आहे काय? नाही. लासाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी २००६ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना माणसांचे फोटो दाखवले आणि यंत्रानं त्यांचे मेंदू तपासले. दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना कपाळामागचा एक भाग जागा होतो. बेघर आणि नशेबाज माणसांचे फोटो आले तेव्हा तो थंडच राहिला. जागी झाली ती किळस.

मला याचं नवल वाटलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. मारणाऱ्यांना समोर माणूस दिसला नाही, जात दिसली.

पण मेंदूवर खापर फोडून कुणी सुटायचं नाही. याच दोघांनी २००७ साली फोटो दाखवून विचारलं, ह्याला अमुक भाजी आवडत असेल काय? एवढ्या प्रश्नानं तो थंड भाग हलला. म्हणजे मेंदू मेलेला नव्हता, त्याला विचारायची सवय नव्हती.

आता सांगा, हजारो वर्षं रोटीबंदीनं काय केलं? नेमका हाच प्रश्न बंद केला. ज्याच्या ताटाला शिवायचं नाही, त्याची आवड कोण विचारील? विटाळानं नुसतं पाणी अडवलं नाही, मेंदूचा रस्ता अडवला.

म्हणून आम्हाला दया नको. दया वरून खाली बघते. मजुरी रोख द्या, एका पंगतीत बसा, आमच्या घरचं खा. आणि विचारलंत तर उत्तर ऐकायची तयारी ठेवा. ते तिखट असंल.