खर्ज कोठें गेला ?

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक नवी वस्तु आली. आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजिवानें आपल्या बोनसांतून संगीत ऐकण्याचें यंत्र व त्याच्या जोडीला दोन लहान स्पीकर आणिले. पुस्तकांच्या फळीवर मावण्याजोगे, म्हणून त्यांस ‘बुकशेल्फ स्पीकर’ म्हणतात. वस्तु देखणी आणि स्वर स्वच्छ. तान, मुरकी, सारंगीचा कण, सारें कसें आरशांत पाहावें तसें स्पष्ट. घरांतील लहानथोर मंडळी प्रसन्न झाली. आमच्या वहिनी मात्र कांहींच बोलल्या नाहींत.

त्याचें कारण चार दिवसांनीं कळलें. आमचे बंधु आतां हयात नाहींत. ते तबला वाजवीत असत. १९८६ सालच्या गणेशोत्सवांत आमच्याच घरीं झालेल्या एका बैठकीची कॅसेट वहिनींनीं जपून ठेविली होती. पुतण्यानें ती संगणकावर उतरवून घेतली आणि मोठ्या हौसेनें आईला ऐकविली. वहिनींनीं ती शेवटपर्यंत ऐकली व त्या इतकेंच म्हणाल्या, “तबला ह्यांचाच आहे. पण डग्गा ह्यांचा नाहीं.”

मुलाचा चेहरा उतरला. खालच्या स्वरांसाठीं सबवूफर नांवाची जी निराळी पेटी मिळते, ती उद्यांच आणावयाची असा त्यानें निश्चय केला. तिची किंमत दोन्ही स्पीकरांच्या किंमतीएवढी ! आम्ही त्यास म्हणालों, “अरे, आधीं जें आहे तें नीट मांडलें आहे कीं नाहीं, तें पाहूं. वर्गांत एखाद्या मुलाला फळ्यावरचें गणित येईना, तर आम्ही पहिल्यानें त्याचा बाक कोठें आहे तें पाहत असूं.”

वाचक म्हणतील, एका डग्ग्यासाठीं एवढा खटाटोप कशाला ? तर डग्गा गेला कीं नुसता घुमारा जात नाहीं, तालाचा अर्थच जातो. डग्ग्याची साथ सुटली कीं ‘धा’चा ‘ना’ होतो. आणि तीनतालांत खालीच्या जागीं डग्गा मिटतो म्हणूनच ती खाली ओळखूं येते. जो मुळांत ऐकूंच आला नाहीं, तो मिटला केव्हां तें कळावें कसें ?

आतां थोडें शास्त्र. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांतील ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत नादाचीं मंद्र, मध्य व तार अशीं तीन स्थानें सांगून त्यांचा संबंध अनुक्रमें हृदय, कंठ व मूर्धा यांच्याशीं जोडला आहे, आणि प्रत्येक वरचें स्थान खालच्याच्या दुप्पट मानिलें आहे. आजचें पदार्थविज्ञानही हेंच सांगतें कीं, एक सप्तक चढलें म्हणजे कंपसंख्या दुप्पट होते. काळी एक पट्टींत लाविलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचे सेकंदास सुमारें ६९ कंप होतात. परंतु एक सप्तक खालीं उतरून तितकाच मोठा आवाज काढावयाचा, तर स्पीकरच्या पडद्यास चौपट पुढेंमागें हलावें लागतें. पांच इंची पडद्याची धांव ती केवढी ! म्हणून असले स्पीकर सामान्यतः ५० ते ६० कंपांच्या आसपास थकतात. हा त्यांचा देहधर्म आहे, दोष नव्हे. पण तंबोऱ्याचा खर्ज व डग्ग्याचा घुमारा त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाहींत. म्हणजे ते निघत होते, पण वहिनींच्या कानापर्यंत पोंचत नव्हते. वाटेंत त्यांस कोण लुटीत होतें, एवढाच शोध करावयाचा होता.

पहिला चोर सांपडला तो तारांत. प्रत्येक स्पीकरला एक तांबडें व एक काळें अशीं दोन टोंकें असतात. यंत्राचें तांबडें स्पीकरच्या तांबड्यास व काळें काळ्यास जोडावयाचें, हा नियम. आमच्या एका स्पीकरला ही जोडणी उलट झाली होती. त्यामुळें एक पडदा पुढें ढकली तेव्हां दुसरा मागें ओढी, आणि खर्जाच्या लांब लाटा एकमेकींस खाऊन टाकीत. वरच्या स्वरांत ही तूट फारशी जाणवत नाहीं, म्हणून कोणास संशय येत नाहीं; फक्त गाणारा नक्की कोठें बसला आहे तें कळेनासें होतें. आमची कॅसेट तर एकाच मायक्रोफोनवर घेतलेली. दोन्ही बाजूंस तंतोतंत एकच नाद, तेव्हां वजाबाकीही पुरी ! तारेच्या एका पदरावर रेघ किंवा अक्षरें असतात, त्या खुणेनें जावें. आणि यंत्र बंद केल्यावरच तारांस हात लावावा. तरीही शंका राहिल्यास एकाच स्पीकरच्या तारा उलटवून ऐकावें. ज्या जोडणींत खर्ज भरतो ती खरी.

दुसरा चोर भिंतीपाशीं. स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावे असें पुतण्यानें कोठेंसें वाचलें होतें. म्हणून पडद्यापासून भिंत तीन फुटांवर येईल अशा बेतानें त्यानें ते स्टुलांवर मांडिले होते. हा उपदेश मोठ्या स्पीकरांस योग्य. त्यांचा खर्ज मुळांतच भरगच्च, भिंतीजवळ तो घोंघावूं लागतो. लहानांची गोष्ट निराळी. वरचे स्वर समोर जातात, पण खर्ज उघड्या दिव्याच्या उजेडासारखा चोहोंकडे पसरतो व मागच्या भिंतीवरून परततो. भिंत तीन फुटांवर, म्हणजे परतणाऱ्या लाटेस सहा फूट अधिक चाल. सेकंदास सुमारें ९४ कंपांच्या नादाची लाट १२ फूट लांब असते. तेव्हां परतलेली लाट बरोबर अर्ध्या लांबीनें मागें पडते आणि सरळ निघालेल्या लाटेचा जोर हरण करते. स्पीकर मागें सरकविला कीं ही तूट वरच्या स्वरांकडे सरकते, आणि खालच्या स्वरांस तीच भिंत उलट हात देते. ज्या पेटीच्या पाठीस भोंक असेल, तिच्यामागें चार-पांच इंच जागा मोकळी सोडावी. कोपऱ्यांत खर्ज सर्वांत अधिक वाढतो खरा, पण तेथें तो एकसारखा घुमतो. तेव्हां कोपरा टाळावा.

तिसरा चोर म्हणजे खुद्द वहिनींची खुर्ची ! आमचा दिवाणखाना १२ फूट लांब. छताच्या मध्यावर पंखा आणि पंख्याखालीं खुर्ची. बहुतेक घरांतून हीच मांडणी असते. परंतु समोरासमोरच्या भिंतींमध्यें खर्जाची लाट जाऊन येऊन एका जागीं स्थिरावते. तिचा जोर भिंतींपाशीं सर्वांत अधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य. १२ फुटी खोलींत सुमारें ४७ कंपांच्या नादाची ही स्थिति होते, व त्याच्या आसपासच्या स्वरांचाही भार घटतो. म्हणजे जी जागा वाऱ्यास उत्तम, तीच खर्जास कनिष्ठ. खुर्ची दोन-तीन फूट मागें घेतली कीं काम भागतें.

चौथा चोर परका नव्हे, आपला कानच होय. १९३३ सालीं फ्लेचर व मनसन ह्या अमेरिकन संशोधकांनीं मोजून दाखविलें कीं, आवाज लहान केला म्हणजे खालचे स्वर मधल्यांपेक्षां फार लवकर कानाआड होतात. रात्रीं हळू लाविलेलें गाणें पोकळ वाटतें तें ह्यामुळेंच. यंत्रावर ‘लाउडनेस’चें बटन असल्यास तें अशा वेळीं दाबावें, नसल्यास ‘बास’ची खुंटी किंचित् चढवावी. तीन डेसिबल वाढविण्यास दुप्पट शक्ति लागते आणि दहा वाढविण्यास दसपट. खुंटी पुरी पिळली तर लहान पडदा धापा टाकूं लागतो आणि खर्जाऐवजीं नुसता फरफराट येतो.

सबवूफर नकोच असें आमचें म्हणणें नाहीं. ५० कंपांच्याही खालचे स्वर हवे असतील त्यानें तो अवश्य घ्यावा, सुमारें ८० कंपांखालचें काम त्याच्यावर सोंपवावें, आणि प्रथम तो स्वतःच्या बैठकीच्या जागीं ठेवून आपण खोलीभर कान जमिनीजवळ नेत रांगावें. जेथें खर्ज सारखा ऐकूं येईल तेथें त्याची स्थापना करावी. मात्र खर्ज भिंती व तक्तपोशी सहज ओलांडतो. खालच्या मजल्यावर कोणी आजारी किंवा परीक्षेला बसलेलें असेल तर त्याचा विचार आधीं.

असो. रविवारीं सकाळीं आम्ही व पुतण्यानें तारा सुधारल्या, स्पीकर मागें सरकविले आणि खुर्ची हलविली. “भाऊजी, इथें वारा येत नाहीं,” असें म्हणत वहिनी बसल्या. कॅसेट पुनः लागली. मध्यंतरीं एके ठिकाणीं त्यांनीं हात वर करून ती थांबविण्यास सांगितलें.

“इथें ह्यांची तिहाई समेवर आली नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “त्या रात्रीं जेवले नाहींत.”

पुतण्या त्या वेळीं दोन वर्षांचा होता. आम्ही तर त्याच बैठकींत तंबोऱ्यावर बसलों होतों. पण ही गोष्ट आम्हांसही ठाऊक नव्हती. वहिनी म्हणाल्या, “लाव पुनः पहिल्यापासून.” त्या दिवशीं आमच्या घरीं जेवावयास दोन वाजले.