आधी कानस, मग मशीन

इंटार्सिया म्हणजे लाकडाच्या मूळ रंगांनी जुळवलेलं चित्र. म्हैसूरचं शिसवी जडावकाम सपाट असतं. इथे मात्र प्रत्येक तुकडा वेगळा घासून त्याला उठाव द्यायचा. अंबरनाथचं 1060 चं शिवमंदिर पाहिलंय ना? भिंतीवरच्या दगडी मूर्तींना असतो, तसा उठाव. म्हणजे अर्धं काम घासण्याचंच!

लाकडासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात उरलेले तुकडे विचारून बघा. एमडीएफ नको, त्याला रेषाच नसतात.

पोरं आधी बेल्ट सँडरचे भाव काढतात. मला हे पटत नाही. कडक पट्टा घुबडाच्या पोटाची गोलाई क्षणात खाऊन टाकतो, आणि खाल्लेलं लाकूड परत येत नाही. त्यापेक्षा जाड दातांची अर्धगोल कानस घ्या. बाहेरच्या बाकाला सपाट बाजू, आतल्याला गोल. मग 80, 120, 220 नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. मधला नंबर गाळलात तर 80 चे ओरखडे पॉलिशनंतर दात दाखवतात. पैसे उरले तर ड्रिलला लावायचा मऊ ड्रम. तो गोलाईवर दबतो.

पण हे रूमवर करू नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, मास्क हवा. आणि रूम-पार्टनरने काय पाप केलंय? म्हणून सरांना विनंती, शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवा. झाडायला आम्ही आहोत.