माल गाडीत चढला म्हणजे काम संपले काय?

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या परिसरात केळीची काढणी सुरू झाली की दिवसभर मालमोटारी भरल्या जातात आणि रात्री त्या उत्तरेची वाट धरतात. लातूरच्या बाजारपेठेतून सोयाबीन व तूरडाळ याच रीतीने परराज्यांत रवाना होते. वर्षभराच्या कष्टांचे मोल अशा रीतीने अखेरच्या काही दिवसांच्या प्रवासावर अवलंबून राहते. असे असूनही बियाणे, खत व पाणी यांविषयी दक्ष असणारा शेतकरी वाहतुकीचा विषय निघाला की तो हुंडेकऱ्याचा प्रश्न समजून निश्चिंत होतो. ही समजूत चुकीची असून ती सोडून देणे अगत्याचे आहे.

प्रथम वजनाचा विचार करू. तीन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आली. या आकड्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च द्यावा लागतो व तो उतरविल्यावाचून गाडी पुढे जाऊ दिली जात नाही. हा दंड केवळ वाहनचालकाला नसून जो तशी गाडी चालवावयास लावतो किंवा चालवू देतो त्यालाही लागू होतो. तेव्हा “आणखी चार क्विंटल चढवा” असा आग्रह धरणारा मालधनी आपण या प्रकरणी निराळे आहोत असे म्हणू शकत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, लहान शेतकऱ्याला भाडे परवडत नाही आणि प्रत्येक गाडी काही पकडली जात नाही. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. किलोमागे पाच रुपये भाडे धरले, तर तीन टन जादा मालावर १५,००० रुपये वाचल्यासारखे दिसतात. एकदा पकडल्यास २६,००० रुपये दंड होतो. दहा खेपांत एकदाच गाडी अडविली गेली, तर हिशेब जादा भाराच्याच बाजूने झुकतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु या हिशेबात खालच्या थरातील चेंगरलेली केळी, फुटलेला टायर, घाटात उशिरा लागणारा ब्रेक आणि अपघातानंतर विम्याच्या भरपाईवरून उद्भवणारा वाद यांची रक्कम कोठेच मांडलेली नसते. चालकाच्या प्राणाची किंमत तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

दुसरी बाब वेळेची. अर्धापूरहून यवतमाळ, वर्धा व नागपूरमार्गे दिल्लीच्या आझादपूर बाजारापर्यंतचे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे. भरलेली गाडी ताशी सरासरी ४० किलोमीटर चालते असे धरल्यास हा प्रवास ३५ तासांचा होतो. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्ये झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हे तत्त्व घालून दिले. त्या मापाने एकट्या चालकास चार दिवसांहून अधिक काळ लागेल. दोन चालकांनी आळीपाळीने गाडी हाकल्यास दोन दिवसांहून थोडा अधिक काळ पुरेल. म्हणजेच “परवा पहाटे माल पोहोचलाच पाहिजे” अशी ताकीद एकट्या चालकास देणे म्हणजे त्याला झोपेवाचून गाडी हाकावयास सांगणेच होय. हिरवी केळी १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात चांगली टिकते. उघड्या गाडीत ही सोय नसते. म्हणून घाई अवश्य करावी, परंतु ती काढणी, प्रतवारी आणि भराई यांत करावी, रस्त्यावर करू नये.

तिसरी बाब कागदपत्रांची. गाडीचा राष्ट्रीय परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या मुदती माल भरण्यापूर्वीच पाहाव्यात. ताज्या केळीवर वस्तू व सेवा कर नसल्याने तिला ई-वे बिल लागत नाही. सोयाबीन मात्र, बियाण्याचे सोडून, करपात्र आहे. व्यापाऱ्याकडून जाणाऱ्या ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या अशा मालाला ई-वे बिल आवश्यक असते. साधारण मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. भरलेल्या मालावर मजूर बसवून नेणे कायद्याला मान्य नाही आणि माणुसकीलाही नाही.

बिल्टीकडे तर सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्यानुसार मालाचे नुकसान झाल्यास नोंदणीच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी सूचना द्यावी लागते. ती न दिल्यास दावा चालत नाही. मालाचे खरे वजन व खरे मूल्य बिल्टीवर नसेल, तर शेतकऱ्याच्या हाती तक्रारीवाचून काहीच उरत नाही.

एकट्या शेतकऱ्यास हे सर्व सांभाळणे कठीण आहे, हे खरे. म्हणूनच नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व सहकारी संस्थांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. भरलेल्या गाडीची काट्यावरील पावती, लांबच्या खेपेस दोन चालक, मुक्कामाची आधी ठरलेली ठिकाणे आणि बिल्टीची एक प्रत संस्थेच्या दप्तरी, एवढे चार नियम पाळले तरी पुष्कळ साधेल. यात भाडे थोडे वाढेल. पण जो चालक सुखरूप पोहोचतो, तोच पुढच्या हंगामात पुन्हा शेताच्या बांधाशी गाडी आणून उभी करतो.