शुश्रूषा करणाऱ्यांचा विचार कोणी करावयाचा?

घरातील आजारी माणसाच्या उशाशी पूर्वी तांब्याभांडे, औषधाच्या बाटल्या आणि फार तर एक थर्मामीटर असे. आज तेथे रक्तदाब मोजणारे यंत्र, बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर, दंडावर चौदा दिवस चिकटून राहणारा साखरेचा सेन्सर अशी सामग्री येऊन बसली आहे आणि यांपैकी पुष्कळशी यंत्रे मोबाईलशी जोडलेली असतात. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत ऑक्सिमीटर मध्यमवर्गीयांच्या घरोघर पोहोचला व पाठोपाठ इतर यंत्रांनाही दार मोकळे झाले. त्यांचे स्वागत करण्यास आमची हरकत नाही. धोक्याची सूचना वेळीच देणारा पहारेकरी कोणाला नको आहे? परंतु ही यंत्रे प्रत्यक्ष ज्यांच्या हाती पडावयाची, त्यांचा विचार ती घडविणाऱ्यांनी पुरेसा केलेला नाही, ही आमची तक्रार आहे. आणि ती किरकोळ नव्हे.

पार्ल्याचे किंवा कोथरूडचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. ऐंशीच्या घरातील आजींना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मुलगा न्यू जर्सीत. सेन्सर त्यानेच विकत घेतला, ॲपमधील खाते त्यानेच आपल्या नावावर उघडले. मातृभक्तीत तो कोठेही उणा नाही. दिवसा घरी असतात ते आजोबा आणि ब्युरोमार्फत आलेल्या मावशी. एके दुपारी आजींना दरदरून घाम सुटतो. आजोबा मोबाईल उघडतात, तो ॲपने मध्येच आपले नूतनीकरण करून घेतलेले! पुन्हा आत शिरावयाचे तर ओटीपी हवा. तो जातो मुलाच्या मोबाईलवर, आणि तिकडे तर अजून पहाट उजाडावयाची असते. उशाशी उभ्या असलेल्या मावशींचा या यंत्राच्या जगात कोठे पत्ताच नाही. यंत्राला रोगी ठाऊक आहे, ग्राहक ठाऊक आहे. शुश्रूषा करणारे माणूस तेवढे त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

वस्तुतः त्या वेळी करावयाचे असते ते फार थोडे. साखर ७० च्या खाली गेली आणि रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. एवढी तीन वाक्ये यंत्राने त्या क्षणी स्पष्ट मराठीत उच्चारावयास कोणता डोंगर आड येतो? मंडईतील भाजीवाल्याच्या गाळ्यावरची ती लहानशी पेटी दहा रुपये जमा झाल्याची द्वाही खणखणीत मराठीत फिरवते. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला जो मान मिळतो, तो आजींच्या प्राणांना मिळू नये, यास आम्ही तांत्रिक अडचण म्हणावयास तयार नाही. ही निव्वळ अनास्था आहे.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही हे सुखासुखी घडलेले नाही. मधुमेही मुलाच्या अंगावरील सेन्सरचा आकडा जवळच्या छोट्या यंत्रावर दिसत असे. मूल शाळेत गेले की आईबाप अंधारात. अखेर २०१३ साली एका अभियंता पित्याने स्वतःच संगणकाची आज्ञावली लिहून तो आकडा आपल्या कामाच्या ठिकाणी दिसेल अशी व्यवस्था केली. इतर पालक त्याला येऊन मिळाले आणि ‘नाइटस्काउट’ ही चळवळ उभी राहिली. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ हे तिचे घोषवाक्य! दूरच्या आप्तांना आकडा दाखविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सोयीला तेथील सरकारी मान्यता मिळाली ती जानेवारी २०१५ मध्ये. तेथे पालकांना आज्ञावली लिहिता येत होती, म्हणून निभावले. आमच्या मावशींनी काय करावे?

आमच्याकडे कायदे झालेले नाहीत असे नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक आदी पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला सरकारने ७० टक्क्यांची मर्यादा घातली, हेही योग्यच झाले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केलेल्या कायद्यात तर, संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा असावी, अशी तरतूद आहे. म्हणजे आजींची माहिती घेण्याची परवानगी मराठीत मागितली जाणार, आणि आजींचा जीव धोक्यात असल्याची वार्ता मात्र इंग्रजीत आली तरी कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही!

यावर कोणी म्हणेल की, लोकांनी थोडे शिकून घ्यावे. जरूर घ्यावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीत असावा, मोजताना बोलू नये, दंडाच्या मानाने पट्टा तोकडा असेल तर आकडा खोटाच चढा येतो, या गोष्टी शिकल्यावाचून यायच्या नाहीत. पण रात्रीची झोप मोडलेल्या, सून आणि परिचारिका अशी दुहेरी भूमिका वठविणाऱ्या गृहिणीने पुस्तिकेतील मुंगीएवढी अक्षरे भिंगाखाली धरून अभ्यास करावा, ही अपेक्षा शहाणपणाची नव्हे. आणि बदली मावशी आल्या की तो अभ्यास पुन्हा पहिल्यापासून! शिवाय दिवसातून दहादा विनाकारण ओरडणारे यंत्र अकराव्या वेळी खरोखर ओरडले, तरी कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली उत्पादकांना दिलेल्या मार्गदर्शनात, जे जे लोक यंत्र वापरणार त्यांच्या प्रत्येक गटातील निदान पंधरा जणांच्या हाती ते देऊन पाहावे आणि चुका कोठे होतात ते तपासावे, असे सुचविले आहे. घरी शुश्रूषा करणारी सामान्य माणसे हीदेखील त्यात वापरणारी म्हणून गणली जातात. आपल्या औषध नियंत्रकांनी घरगुती वापराच्या यंत्रांना परवाना देताना हीच कसोटी सक्तीने लावावी. पंधरा मावशी मिळविण्यासाठी फार हिंडावे लागणार नाही. पुण्यामुंबईच्या कोणत्याही ब्युरोत सकाळी आठच्या सुमारास जावे. रोग्याने अगर त्याच्या मुलाने ज्यांची नावे दिली असतील त्यांना स्वतःच्या मोबाईलवरून, दूरदेशीच्या ओटीपीवाचून, आकडा पाहता यावा. आणि काम सोडून गेलेल्यांचे नाव तितक्याच सहज काढता यावे, कारण आजींचे आजारपण हे चव्हाट्यावर मांडण्याची वस्तू नव्हे. रुग्णालयांनीही घरी पाठविताना यंत्राची पेटी हाती ठेवून निरोप देऊ नये. जी व्यक्ती रात्री उशाशी बसणार आहे, तिच्याकडून ते यंत्र दोनदा लावून घ्यावे, आणि मगच डिस्चार्जच्या कागदावर सही करावी.