स्टिअरिंग हलके, दुरुस्ती जड

नाशिकमध्ये तयार झालेल्या महिंद्राच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, की स्टिअरिंगच्या तंत्रातील स्थित्यंतर सहज लक्षात येते. २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोचे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ३०० चे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालणारे. ते किती हलके वा जड असावे, हे ठरवण्याची सोयही चालकाला देण्यात आली होती. आज शहरी ग्राहक विकत घेतो त्या बहुतेक नव्या मोटारी दुसऱ्या प्रकारातील आहेत. या स्टिअरिंगला देखभालच लागत नाही, असे विक्रेते हमखास सांगतात. हे विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत ग्राहकाला वॉरंटी संपल्यावर कळते.

हायड्रॉलिक रचनेत इंजिनावरील पट्ट्याने एक पंप सतत फिरत असतो. त्याने निर्माण केलेला तेलाचा दाब चालकाच्या हाताला साह्य करतो. गाडी सरळ रस्त्यावर धावत असली, तरी पंप थांबत नाही आणि तेवढे इंधन वाया जाते. इलेक्ट्रिक रचनेत चालकाने किती जोर लावला हे सेन्सर मोजतो, संगणक त्यानुसार मोटरला वीज देतो. गरज नसेल तेव्हा मोटर जवळजवळ स्वस्थ असते. त्यामुळे इंधनात साधारणपणे दोन ते तीन टक्के बचत होते. सुझुकीने १९८८ मध्ये जपानमधील आपल्या सर्व्हो या छोट्या गाडीत हे तंत्र प्रथम आणले, ते लहान इंजिनावरील भार वाचवण्यासाठी. भारतातही मारुतीच्या लहान गाड्यांतूनच ते रुळले. गाडी लेनमध्ये ठेवणारी किंवा आपोआप पार्क करणारी यंत्रणाही याच मोटरवर अवलंबून असते. त्यामुळे कंपन्या मागे फिरण्याची शक्यता नाही.

प्रश्न आहे तो दुरुस्तीचा. हायड्रॉलिक स्टिअरिंग बिघडण्याआधी बोलते. वळताना पंप घुमू लागतो, गाडीखाली तेलाचे थेंब दिसतात, टाकीतील पातळी उतरते. कोणताही जाणता फिटर होज पाइप, ऑइल सील किंवा पंपाचा पट्टा बदलून काम भागवतो. काळजी घ्यावी लागते ती तेलाची. ते कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे हवे. हाताशी असलेले कोणतेही तेल ओतल्यास सील फुगतात आणि गळती वाढते. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवले, तर तेल तापून पंपाचे आयुष्य घटते. अरुंद गल्लीत गाडी लावणारे नेमके हेच करतात.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तेल नाही, पट्टा नाही, गळती नाही. मात्र त्याचे सारे आयुष्य बारा व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून आहे. बॅटरी थकली, तिच्या टोकांवर गंज चढला किंवा अर्थिंगची वायर सैल झाली, तरी स्टिअरिंग अचानक जड होते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सतत मागेपुढे वळवल्याने मोटर तापली, तर तिला वाचवण्यासाठी संगणक साह्य काही वेळ कमी करतो. हा बिघाड नव्हे. परंतु हे माहीत नसलेला मालक घाबरून गॅरेज गाठतो आणि तेथेही स्कॅनर नसेल, तर अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. वास्तविक आधी बॅटरी व फ्यूज तपासणे हा पाच मिनिटांचा उद्योग आहे.

पाणी हा दुसरा शत्रू. लहान गाड्यांत मोटर बहुधा डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. मोठ्या गाड्यांत ती खाली रॅकवर बसवलेली असते. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला पूर आला तेव्हा रामकुंडाचा परिसर पाण्याखाली गेला होता. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून पुढे जुन्या बाजारात येते. हायड्रॉलिक गाडीत तेल बदलून आणि सील पाहून बरेच निभावते. इलेक्ट्रिकमध्ये कनेक्टरवर चढलेला गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करून, गाडी उभी ठेवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे आणि स्कॅनरवर जुन्या नोंदी तपासाव्यात.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. साह्य बंद पडले, तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक सांधा कायम राहतो. गाडी वळते, जोर मात्र अधिक लागतो. कसारा घाटात इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे, कारण त्या क्षणी हायड्रॉलिक साह्य जाते आणि ब्रेकचा पाठिंबाही लवकरच संपतो. यांत्रिक भागांना अर्थातच वीज वा तेल वाचवू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो व ईको या गाड्या टायरॉडमधील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. त्यांची संख्या ८७,५९९ होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के-१० च्या २,५५५ गाड्यांचा स्टिअरिंग गिअरबॉक्स बदलण्यात आला. इलेक्ट्रिक साह्यच जाण्याची उदाहरणेही आहेत : अमेरिकेत जनरल मोटर्सने याच कारणासाठी २०१४ मध्ये सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तेव्हा बॉल जॉइंट, टायरॉड आणि अलाइनमेंट यांची तपासणी कोणत्याही गाडीत टळत नाही. उलट अलाइनमेंटनंतर अनेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा जुळवावा लागतो, जे साध्या दुकानात होतेच असे नाही.

येथेच खरा ताण आहे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा सुटा भाग सहसा मिळत नाही. सेन्सर बिघडला, तरी संपूर्ण कॉलम किंवा रॅक बदलण्याचा सल्ला दिला जातो आणि नवा भाग गाडीच्या संगणकाला ओळखवण्याचे सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवा केंद्रापुरते राहते. काही शे रुपयांच्या सीलवर निभावणारे काम हजारोंच्या घरात जाते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. परंतु पोर्टलवर माहितीपुस्तिका ठेवणे वेगळे आणि स्वतंत्र गॅरेजला सुटे भाग व सॉफ्टवेअर वाजवी दरात मिळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी कायद्याचे बंधन लागेल.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक पट्ट्यामुळे यंत्राला हात लावण्याचे कसब या शहरात मुबलक आहे. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मोटार मेकॅनिकला मल्टिमीटर आणि स्कॅनर पान्याइतकेच सहज हाताळता आले, तर बॅटरी, वायरिंग व सेन्सरचे निम्मे काम तो आजही करू शकेल. उरलेले निम्मे कंपन्यांनी कुलूप उघडल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.