जुना प्रोग्रॅम आधी वाचा

डहाणू तालुक्यात नवा कारखाना काढणे सोपे नाही, आणि ते सोपे असू नये असे कायद्यानेच ठरवले आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांखालची एकूण जमीन ५०० एकरांपुरती बांधून टाकली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी पुढे अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. उद्योजकांची या निर्बंधांबद्दलची कुरकुर जुनी आहे, बागायतदारांचे आणि मच्छीमारांचे समाधानही तितकेच जुने. त्या वादात हे मासिक पडणार नाही. आपल्या व्यवसायापुरता त्याचा परिणाम सरळ आहे. इतरत्र मालक जुनी लाइन भंगारात काढून शेजारच्या प्लॉटवर नवी शेड उभारतो. इथे शेजारचा प्लॉट मिळण्याची शाश्वती नाही, त्यामुळे तोच कन्व्हेयर, तीच भट्टी आणि तोच बॉयलर नवे पॅनेल आणि नवा प्रोग्रॅम घेऊन आणखी १५ वर्षे चालवायचा असतो. डहाणू-तलासरीच्या टापूत इन्स्ट्रुमेंट आणि ऑटोमेशनच्या माणसांचे खरे काम म्हणजे हे रेट्रोफिट. ते करताना सर्वांत महत्त्वाची पायरी आपण गाळतो: जुना प्रोग्रॅम नीट वाचणे. आमचे म्हणणे एवढेच की हे वाचन कामाचा वेगळा टप्पा असावा, कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असावी आणि त्याचे वेगळे पैसे मिळावेत.

आज काय चालते ते पाहा. एक पद्धत म्हणजे कन्व्हर्टर चालवून जुने लॅडर नव्या पीएलसीत जसेच्या तसे उतरवणे. दुसरी म्हणजे जुने सगळे टाकून ऑपरेटरला विचारत विचारत नवे लिहिणे. पहिलीत वेळ वाचल्यासारखे वाटते, पण जुना प्रोग्रॅम जुन्या हार्डवेअरच्या सवयींवर बेतलेला असतो. ३०-४० मिलिसेकंदांच्या स्कॅनमध्ये लिमिट स्विचच्या संपर्काची थरथर आपोआप गाळली जात होती; नव्या सीपीयूचा स्कॅन दोन मिलिसेकंदांचा झाला की तीच थरथर चार वेगळे सिग्नल म्हणून मोजली जाते आणि काउंटर चुकतो. सीमेन्सच्या जुन्या एस-५ पद्धतीच्या टायमरची कमाल मर्यादा ९९९० सेकंदांची. त्याहून मोठी वेळ हवी म्हणून कुणीतरी दोन टायमर एकापुढे एक जोडलेले असतात. कन्व्हर्टर ते दोन्ही इमानाने उचलतो, आणि पुढच्या माणसाला दुसरा टायमर कशासाठी हे कधीच कळत नाही. दुसरी पद्धत याहून धोक्याची. ऑपरेटरला रोजचे चक्र माहीत असते. वर्षातून एकदा घडणारी गोष्ट तो सांगेलच असे नाही, आणि ती ज्याच्या काळात घडली तो कदाचित निवृत्त झालेला असतो.

वाचायचे म्हटले तरी वाचायला काही हाती असावे लागते. एस-७-३०० च्या सीपीयूमधून प्रोग्रॅम अपलोड केला तर ब्लॉक मिळतात, पण चिन्हांची नावे आणि टिप्पण्या मिळत नाहीत. त्या मूळ प्रोजेक्ट फाइलमध्ये होत्या, आणि ती फाइल बहुधा ज्या इंटिग्रेटरने काम केले त्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. भाषाही मागे पडत आहेत. पीएलसी भाषांचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६११३१-३, पहिल्यांदा १९९३ मध्ये आले. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत इन्स्ट्रक्शन लिस्ट वगळली गेली. ती सफाईने वाचणारे तंत्रज्ञ दहा वर्षांनी किती उरतील याचा अंदाज प्रत्येकाने आपल्याच विभागाकडे पाहून करावा. हार्डवेअरचे तर वेळापत्रकच ठरलेले आहे: रॉकवेलचा पीएलसी-५ २०१७ मध्ये बंद झाला, एस-७-३०० ची माघार २०२३ पासून सुरू आहे. म्हणजे बदल टळणार नाही, आणि वाचणारे दरवर्षी कमी होणार. हे काम आत्ताच करायला हवे ते या दोन कारणांनी.

वाचनाचे मोल दाखवणारे उदाहरण याच तालुक्यात आहे. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र, २५० मेगावॉटचे दोन संच, १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. त्याची वीज मुख्यतः मुंबई उपनगरांसाठी. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईचा वीजपुरवठा कोसळला तेव्हा हे केंद्र चालू राहिले, आणि अत्यावश्यक सेवांसाठी त्यातून सुमारे ३८५ मेगावॉट पुरवठा होत असल्याचे अदानी इलेक्ट्रिसिटीने त्याच दिवशी जाहीर केले. ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरली की ठरलेल्या बिंदूला बाहेरचे जोड तोडायचे, आतला भार निर्मितीइतका कापायचा आणि टर्बाइनच्या गव्हर्नरला मेगावॉट सांभाळण्याऐवजी वेग सांभाळायला लावायचे: आयलंडिंगचे तर्कशास्त्र असे थोडक्यात सांगता येते. हे तर्कशास्त्र वर्षानुवर्षे काहीच करत नाही. ट्रेंड काढले तर त्याचा आउटपुट सतत शून्य दिसतो. दैनंदिन चक्रावरून नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते अडगळच वाटेल. त्याच सकाळी शहराच्या मोठ्या भागाला मात्र आयलंडिंग तारू शकले नाही, कारण आतली निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसला नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. जुना हेतू जपायचा, पण तो ज्या आकड्यांवर उभा आहे ते आकडे पुन्हा तपासायचे. आणि हेतू कुठला, आकडा कुठला, हे वाचल्याशिवाय वेगळे करता येत नाही.

याच प्रकारच्या संचांवर दुसऱ्या बाजूनेही दबाव आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जानेवारी २०२३ च्या नियमांनी कोळशावरच्या संचांना आधी ५५ आणि मग टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत खाली येण्याची क्षमता ठेवायला सांगितले आहे, कारण दुपारी सौर वीज ग्रिडमध्ये शिरते. २५० मेगावॉटच्या संचासाठी ४० टक्के म्हणजे १०० मेगावॉट. आणि ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मिनिटाला तीन टक्के, म्हणजे साडेसात मेगावॉट, चढता-उतरता आले पाहिजे. सतत पूर्ण भाराजवळ चालण्यासाठी बसवलेले पीआयडीचे गेन, ड्रम लेव्हलचे नियंत्रण, गिरण्या चालू-बंद करण्याचा क्रम, ज्योत हललीच तर ट्रिप देणारा विलंब, हे सारे या मागणीसाठी पुन्हा बसवावे लागते. जुन्यातले जसेच्या तसे उतरवणाऱ्याची इथे पंचाईत होते. जुन्यावर आमची भक्ती नाही. त्यातले काय टाकायचे हे ठरवण्यासाठीच ते आधी समजून घ्यायला हवे.

लहान कारखान्यांत हे सारे बारक्या मापात असते, पण असते. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांचे पाहा. साचे आधी कोअॅग्युलंटमध्ये बुडतात, वाळतात, मग लॅटेक्समध्ये बुडतात, तोंडाशी कड वळवली जाते, भट्टीतून जातात आणि शेवटी फुगा साच्यावरून उतरतो. एक छोटा पीएलसी, तीन-चार तापमान नियंत्रक आणि कन्व्हेयरची व्हीएफडी एवढ्यावर लाइन चालते. कोअॅग्युलंटचा थर पुरेसा न वाळता लॅटेक्समध्ये गेला तर फुग्याची जाडी बिघडते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तो थर वाळायला जास्त वेळ घेतो. अशा प्रोग्रॅममध्ये एखादा ‘अनावश्यक’ सिलेक्टर किंवा कुठेही नाव नसलेला जादा विलंब दिसला, तर तो जूनसाठी घातलेला असू शकतो. रेट्रोफिट फेब्रुवारीत केले, चाचणी फेब्रुवारीत झाली, हस्तांतर झाले; बिघाड जूनमध्ये कळतो. तोपर्यंत इंटिग्रेटरचे बिल चुकते झालेले असते, आणि सेन्सर खराब आहे की लॅटेक्स, यावर पाळीपाळीत भांडण चालते.

आक्षेप अनेक आहेत, आणि त्यातला पहिला आपल्याच विभागातून येतो: चालतंय ना, मग हात लावू नका. त्यामागे अनुभव आहे, भीती नाही. चांगल्या चालत्या मशिनला हात लावून बिघडवलेली उदाहरणे सगळ्यांनाच ठाऊक असतात. पण वाचनासाठी मशिनला हात लावावा लागत नाही. चालू लाइनवरून प्रोग्रॅम उतरवून घेता येतो, वायरिंगशी ताडून पाहता येतो, पॅनेलमध्ये कुठे जंपर मारले आहेत आणि कुठला इंटरलॉक बायपास आहे याची यादी करता येते. बॅटरीवर तगून असलेल्या मेमरीतला प्रोग्रॅम एखाद्या पॉवर कटमध्ये पुसला गेला, तर हात न लावण्याचा निर्णय कुणीच न घेता मोडतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, तोही उलट्या अंगाने मांडला जातो: आमचे मशिन इंटरनेटला जोडलेले नाही, मग जुने विंडोज असले म्हणून काय झाले? २०१० मध्ये उघडकीला आलेले स्टक्सनेट अशाच न जोडलेल्या यंत्रणेत पेन ड्राइव्हवरून शिरण्यासाठी बनवले होते, आणि ज्या देशांत त्याचा जास्त फैलाव आढळला त्यांत भारतही होता. जून २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम परदेशात सुरू झालेल्या व्हायरसने ठप्प केले. लहान कारखान्यावर कुणी मुद्दाम नेम धरणार नाही हे मान्य. पण प्रोग्रॅम उतरवायला येणारा प्रत्येक लॅपटॉप बाहेरचाच असतो, आणि आपल्या सीपीयूत मुळात काय होते याची खात्रीची प्रत नसेल तर काही बदलले आहे की नाही हे ओळखणारच कशाने?

शटडाऊन मिळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर अर्धेच देता येते. शेजारच्या तारापूरमध्ये १९६९ पासूनच्या दोन अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये काही महिने बंद ठेवून सुधारल्या गेल्या, पूरक नियंत्रण कक्षही तेव्हाच आला. तशी मुभा सरकारी अणुकेंद्राला असते, फुग्यांच्या कारखान्याला दिवाळीचे चार दिवस मिळतात. म्हणूनच त्या चार दिवसांत करायचे काम आधी कमी केले पाहिजे. प्रत्येक आउटपुटसाठी एक कागद: तो कोणत्या अटींवर चालू होतो, काय त्याला थांबवते, आणि ते का. ‘का’च्या रकान्यात ‘माहीत नाही’ आले तर ते तसेच लिहायचे आणि रात्रपाळीच्या जुन्या ऑपरेटरला दाखवायचे. या कागदांवरून नवा प्रोग्रॅम सिम्युलेटरवर आधीच पडताळता येतो, आणि दिवाळीत फक्त तारा बदलायच्या राहतात. लहान मशिनला हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. मालक त्याचे पैसे द्यायला कां-कूं करतो, कारण त्यातून दिसणारे काही बसत नाही. नव्या टचस्क्रीनचे पैसे तो आनंदाने देतो. यात निम्मा दोष आपला आहे. आपणच कोटेशनमध्ये वाचनाचा खर्च ‘इंजिनिअरिंग’ या एका शब्दात लपवतो आणि घासाघीस सुरू झाली की पहिल्यांदा तोच कापतो.

पासवर्डचा प्रश्न थोडा वेगळा, आणि नाजूक. वापी किंवा बोईसरचा इंटिग्रेटर आपले ब्लॉक कुलूपबंद करून जातो तेव्हा त्याला आपले कसब राखायचे असते, हे समजण्यासारखे आहे. तयार फंक्शन ब्लॉक त्याने जरूर बंद ठेवावेत. मशिन कधी थांबेल हे ठरवणारे इंटरलॉक मात्र कुलपात असू नयेत. त्यांच्यासमोर माणसे काम करतात. अशा अटी हस्तांतराच्या वेळी घालायला गेलो तर उशीर झालेला असतो, त्या खरेदीच्या ऑर्डरमध्येच हव्यात: टिप्पण्यांसह मूळ प्रोजेक्ट फाइल, ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि लायसन्स कोणाच्या नावावर, इंटरलॉकची वाचनीय यादी, आणि किमान एका पावसाळ्याचा हमी कालावधी. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. ते उभे राहील तेव्हा तिथल्या क्रेन आणि कन्व्हेयर अगदी नव्या नियंत्रकांसह येतील, आणि त्यांची देखभाल आज इथल्या आयटीआयमध्ये शिकणारी मुले करतील. त्या यंत्रांच्या निविदांचे मसुदे होत असताना या चार अटी कुणी मांडायच्या, हे या व्यवसायातल्या संघटनांनी आत्ताच ठरवावे.